सतरा नंबरचं लुगडं

हंगामाच्या सणाला पुनाजी मिस्त्री दर वर्षी गिरजाघरात उभे राहत आणि दर वर्षी तीच साक्ष देत. नाचणगावच्या मंडळीला ती पाठ झाली होती. "देवानं मले दुष्काळातून काढलं, हाताले काम देलं, अन् बायको म्हणाल तं म्या जे मांगतलं तेच देलं." एवढं बोलून ते खाली बसत आणि टोपीची घडी करून मांडीवर ठेवत. तेव्हा पलीकडे बायकांच्या बाजूला जिजाबाई ओठ आवळून छताकडे पाहत असत. छतात पाहण्यासारखं काही नव्हतं. ते पुनाजींनीच घातलेलं होतं, आणि चांगलं घातलेलं होतं.

जिजाबाईंच्या मते नवऱ्याची ही साक्ष धडधडीत खोटी होती. बाकी माणूस लाखात एक. दारूला शिवला नाही, कधी आवाज चढवला नाही. लोकांची दारं-खिडक्या करता करता घरच्या खाटेचा मोडका पाय तेवढा सहा वर्षं राहून गेला, पण सुताराच्या घरी हे चालायचंच. असा माणूस वर्षातून एकदा, नेमका देवाच्या घरात उभा राहून खोटं बोलतो, याचं त्यांना फार वाईट वाटे. कारण पुनाजींनी जिजाला मागितलंच नव्हतं. त्यांनी सखूला मागितलं होतं.

ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची. एकोणीसशेच्या मोठ्या दुष्काळात गिरडच्या बाजूची दहा वर्षांची जिजा मिशनच्या अनाथालयात आली. तिथे चाळीस पोरी होत्या आणि चाळिसांची लुगडी एकाच दगडावर धुतली जात, म्हणून प्रत्येकीच्या पदराच्या कोपऱ्याला तांबड्या दोऱ्याने आकडा घातलेला असे. जिजा बावीस नंबर. तिची जिवाभावाची मैत्रीण सखू सतरा नंबर. गोरी, ठेंगणी, गळ्याने गोड. मिशनच्या कारखान्यातल्या एखाद्या मुलाला लग्न करायचं झालं, तर त्याने अनाथालय चालवणाऱ्या मिससाहेबांकडे येऊन आकडा सांगायचा. नावं कुणाला ठाऊक नसत आणि विचारायची सोय नव्हती.

एक दिवस मिससाहेबांनी जिजाला व्हरांड्यात बोलावलं. त्यांना लपवाछपवी जमत नसे. त्या म्हणाल्या, "पुनाजी मिस्त्रीने सतरा नंबर मागितली होती. पण सखूचं तर हिंगणघाटच्या मास्तरांशी ठरलंय. मी त्याला सांगितलं, बावीस नंबर घे. उंच आहे, वरच्या फळीला हात पुरतो. तो बरं म्हणाला. तू काय म्हणतेस?"

जिजा हो म्हणाली. पण लागलं ते लागलंच. कारण आठच दिवसांपूर्वी याच मिस्त्रीशी ती परसात दोन शब्द बोलली होती, तो हसला होता, आणि त्या संध्याकाळी प्रार्थनेत तिने देवाजवळ काहीतरी मागून घेतलं होतं. काय ते तिने सखूलाही सांगितलं नव्हतं. आणि हा बाबा तिच्याशी बोलून मागतो कुणाला, तर सखूला. पुढे लग्नाच्या वेळी, तिने शपथ घेतली आणि त्याच क्षणी नवरदेवाच्या हातातून अंगठी पडून बाकाखाली घरंगळत गेली. जिजा काय समजायचं ते समजली.

तरी संसार झाला, आणि गोडीगुलाबीने झाला. हंगामाच्या सणाला मंडळी आपापल्या शेतातलं, परसातलं देवाला आणतात आणि उपासना संपली की त्याचा लिलाव होतो. जिजाबाई दर वर्षी परसातलं एक कोहळं आणत, आणि दर वर्षी पुनाजी लिलावात तेच कोहळं परत घेत. मग आठ दिवस घरात कोहळ्याची भाजी. लोक हसत. जिजाबाईंना वाटे, देखावा आहे सगळा.

छप्पन्न साली लग्नाला पन्नास वर्षं झाली आणि पाळकसाहेब प्रभाकरराव घरी आले. चहा घेऊन झाल्यावर म्हणाले, "जिजाबाई, औंदा साक्ष तुम्ही द्यायची. पन्नास वर्षं मिस्त्रींचं ऐकलं. आता तुम्ही संसाराबद्दल देवाचे आभार माना."

"पाहू," जिजाबाई म्हणाल्या.

पण त्या पेचात पडल्या. शेळीबद्दल, नातवंडांबद्दल, गुडघा बरा झाल्याबद्दल त्या घटकाभर आभार मानत बसल्या असत्या. पण 'मला निवडून आणलं' असं उभं राहून म्हणायचं, तर खोटं; आणि 'मी उरलेली म्हणून पदरी पडले' असं म्हणायचं, तर भर सणात म्हाताऱ्याची लाज जाणार. घरात एक खोटं बोलणारा होता तेवढा पुरे होता. सण जवळ येत चालला आणि त्यांनी ठरवून टाकलं, की त्या दिवशी गुडघा दुखतो म्हणून बसूनच राहायचं.

त्यातच नातीने वेगळंच काढलं. नात शोभा पुलगावच्या शाळेत मास्तरीण होती, आणि कादंबऱ्यांच्या पायी तिची भाजी रोज करपे. तिला आवडत त्या जुन्या काळातल्या, भक्तिभावाच्या आणि प्रीतीच्या. ज्यांत नायिका संकटात सापडते, गुडघे टेकते, आणि शेवटल्या पानाआधी नायक घोड्यावरून येतो. एक दिवस ती म्हणाली, घोडेवाले पुष्कळ झाले, आता आपल्याच माणसांची लिहिते. मग तिने आजीला अनाथालयाच्या गोष्टी विचारल्या, आजोबांना, म्हणजे तिच्या आबाजींना, एकट्याला गाठून लग्नाची गोष्ट विचारली, आणि सात वह्या भरल्या.

रविवारी दुपारी जिजाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. शोभा चौथी वही घेऊन समोर आली.

"आजी, आयकून तं घे. तुया लग्नाचं लिवलं."

"माया लग्नात लिवण्यासारखं का होतं? वाच."

शोभाने घसा साफ केला आणि वाचायला लागली. " 'तरुण सुतार स्वयंपाकघराच्या छपरावर बसून कौलं नीट करीत होता. ओठांत खिळे धरून तो उपकाराचं गीत गुणगुणत होता. इतक्यात खालून एक धिटुकला आवाज आला, मिस्त्री, आधी खिळे काढा अन् मंग गाणं म्हणा, गिळले तं छताले काय ठोकसान? त्यानं वाकून पाहिलं. परसात एक मुलगी भांडी घाशीत होती. तिच्या पदराच्या कोपऱ्यावर तांबड्या दोऱ्यानं सतरा हा आकडा...' "

"थांब," जिजाबाई म्हणाल्या. त्यांच्या हातातली शेंग टोपल्याबाहेर पडली. "सतरा कोणं सांगतलं?"

"आबाजीनं. तुया नंबर व्हता ना?"

जिजाबाईंचा संताप संताप झाला. सखूला मागितलं ते मागितलं. पण खिळ्यांचं ते बोलणं जिजाचं होतं, तिचं स्वतःचं, आणि म्हाताऱ्याने तेही उचलून सखूच्या तोंडी घातलं होतं. एवढीच एक गोष्ट तिने पन्नास वर्षं जपली होती आणि तीही गेली.

"फाडून टाक ते पान," त्या म्हणाल्या.

"अवो आजी, पुढचं तं आयक. पुढचं लय चांगलं हाये." शोभा लेखिका होती, फाडा म्हटल्यावर ती आणखी भरभर वाचायला लागली. " 'मुलगी होती ताडासारखी उंच, पण लुगडं मात्र पन्ह्याला आखूड, जणू दुसऱ्याच कुणाचं. ते वारंवार खाली ओढता ओढता तिची तारांबळ उडत होती. तिच्या केसांत आंबील चिकटली होती, आणि एका कानावर आंबिलीचा थेंब वाळून बसला होता. सुताराने मनाशी म्हटलं, प्रभू, मला हीच दे.' "

जिजाबाईंनी टोपलं बाजूला सारलं.

सखू उंच नव्हती. सखू तर सगळ्यांत ठेंगणी. सखूला कसलंही लुगडं आखूड होत नसे, ती टाचेखाली येतं म्हणून रडायची.

आणि आंबील. आंबिलीचं पातेलं त्या सकाळी जिजाच्या हातून उलटलं होतं, सगळं तिच्याच अंगावर. मिससाहेबांनी शिक्षा म्हणून एकटीला परसात भांडी घासायला बसवलं आणि जेवण बंद केलं. जिजाचं एकुलतं एक लुगडं पिळून दोरीवर टाकलं होतं, म्हणून सखूने आपलं ठेवणीतलं दिलं. अदलाबदल करायची नाही असा नियम होता आणि पोरी तो रोजच मोडत. इतक्या वेळा मोडत, की कोणत्या दिवशी कोणाचं नेसलं होतं हे कोण ध्यानात ठेवतो?

"आजी, रडून काऊन राह्यली?"

"तुरीचा कचरा गेला डोळ्यात," जिजाबाई म्हणाल्या, आणि शेंगा तशाच टाकून उठल्या. गुडघ्याने त्या दिवशी काही कुरकुर केली नाही.

पुनाजी मागच्या पडवीत रंधा मारत होते. सहा वर्षांनी त्यांना खाटेच्या पायाची आठवण झाली होती.

"अवो, एक विचारतो," जिजाबाई म्हणाल्या. "लग्नात तुमची अंगठी काऊन पडली होती?"

पुनाजींनी रंधा थांबवला. "आज आठवलं तुले?"

"सांगा."

"आता सांगाले का हरकत हाये." म्हाताऱ्याने कपाळावरचा भुसा पुसला. "म्या सतरा नंबर मांगतली होती. मिससाहेब म्हणे, ते देली, बावीस घे. नाई म्हणाची हिंमत झाली नाई मले. गिरजाघरात रडव्या तोंडानं उभा होतो. तुया पदर तं हनुवटीपर्यंत. मंग पाळकसाहेबानं विचारलं, अन् तू मोठ्यानं म्हटलं, मी घेते. आवाज तोच, खिळ्यावाला. मले वाटलं भास झाला. गर्रकन तुयाकडे वळलो अन् पडली अंगठी."

"मंग इतके वर्स बोलले काऊन नाई?"

पुनाजी जरा ओशाळले. "मले वाटलं, मिससाहेबच चुकली. सतराच्या बदल्यात बावीस द्याची, तं चुकून सतराच देली. बोललो तं चूक ध्यानात येईन अन् दुरुस्त करतीन. मिशनच्या कारभाराचा का भरोसा? मंग पोरंबाळं झाली, बोलाचं राहून गेलं. पण देवाजवळ तं दर साली कबूल केलं ना म्या, मांगतलं तेच देलं म्हणून."

जिजाबाई खाली भुशातच बसल्या आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की शोभा वही घेऊन धावत आली. पन्नास वर्षं हा माणूस भर सभेत खरं बोलत होता, आणि पन्नास वर्षं त्या छत पाहत बसल्या होत्या. हसता हसता त्यांनी नवऱ्याला आंबील, दोरी, सखूचं लुगडं सगळं सांगितलं. पुनाजींनी ते दोनदा सांगायला लावलं.

सणाच्या दिवशी गिरजाघरात ज्वारीची कणसं, कापसाची बोंडं, अंडी आणि एक चिडलेला कोंबडा असं सगळं वेदीपुढे मांडलं होतं. मध्ये जिजाबाईंचं कोहळं. पाळकसाहेबांनी नाव घेतलं तशा त्या उभ्या राहिल्या. पुनाजींनी टोपीची घडी करायला घेतली आणि अर्ध्यावर सोडली.

जिजाबाईंनी सगळी गोष्ट सांगितली. सखूचं लुगडं, आखूड पन्हा, अंगठी, काही ठेवलं नाही. मंडळी हसत होती, शेजारी बसलेल्या वच्छलाबाई डोळे पुसत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "लहान होती तवा ते आंबील सांडली म्हणून म्या दिवसभर उपाशी राह्यली. रडली, देवावर रुसली. त्या आंबिलीचे उपकार म्या आजवर मानले नाई, ते आज मानतो. माया नवऱ्याले मी मनातल्या मनात लबाड म्हणत होती, त्याची माफी मांगतो. अन् एक सांगाचं राह्यलं. त्याईनं छपरावर बसून मांगतलं. त्याच दिवशी सांजच्या प्रार्थनेत म्याही मांगतलं होतं. कोणाले सांगतलं नाई, आज तुमाले सांगून राह्यली."

त्या बसल्या. कुणीतरी स्तोत्र धरलं आणि सगळ्यांनी ते उचललं.

उपासना झाल्यावर अंगणात लिलाव लागला. पुकारणारा चिंधू बेरकी. त्याने कोहळं मुद्दाम शेवटी ठेवलं. पुनाजींनी रिवाजाप्रमाणे आठ आण्यांवरून सुरुवात केली. पोरांनी मजेमजेत बारापर्यंत नेलं. पुनाजींनी सोळा म्हटलं आणि कोहळ्याला हात घालायला पुढे झाले.

"सतरा," बायकांतून आवाज आला.

सगळ्या माना वळल्या. पन्नास वर्षांत जिजाबाईंनी लिलावात तोंड उघडलं नव्हतं. आवाज मात्र तोच होता, खिळ्यांवाला. पुनाजी हात तसाच धरून जागच्या जागी उभे राहिले.

"सतरा आणे एक वार," चिंधूने पुकारलं. "का हो मिस्त्री, अठरा म्हणता का?"

"नाई बाप्पा," पुनाजी म्हणाले. त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "म्या सतराच मांगतली होती."