फासळ्यांवरचं टेबल

टेबलाचे पाय आधी.

नाही, जागा आधी. गुलामभाईंच्या घराची मागची पडवी. तिथली मासेमारीची जाळी त्यांच्या लेकीने, सुमय्याने, सकाळीच अंगणात नेऊन टाकली. होडीची इंजिनं दुरुस्त करायला ती कुडाळच्या एका गॅरेजात शिकली होती. आता स्वतःचं काम, घरच्या घरी. आणि आजपासूनच! भरती लागली की गुरुदास आपलं बंद पडलेलं इंजिन शेजाऱ्याच्या होडीत घालून आणणार होता. पहिलं गिऱ्हाईक. टेबल हललं तर इंजिन परत नेईन, असं त्याने आधीच बजावलं होतं. आणि तो परत गेला, तर बंदरातलं दुसरं कोण तिच्याकडे फिरकणार?

हं, आता पाय. जुन्या माडाच्या खोडाचे, बाहेरच्या कडक लाकडातले. बाकी सगळं गुलामभाईंच्या मोडलेल्या होडीतून. विकत आणले ते फक्त बोल्ट, तेही भंगारातून.

जोडलं. हलवलं. टेबल डुललं.

सुमय्याने पायांमध्ये तिरक्या पट्ट्या ठोकल्या. पुन्हा हलवलं. टेबल ढिम्म! तिला नाचावंसं वाटलं. मग वरच्या फळ्या, त्या मात्र अब्बांनी बसवायच्या. लाकडातलं मला विचारा, असं म्हणून त्यांनी तिला बाजूला सारलंच होतं. ती बोल्टांवरचा गंज पुसायला बसली.

पुसलेला बोल्ट तिने टेबलावर ठेवला. तो गडगडत खाली.

दुसरा ठेवला. तोही.

तिने वाकून पाहिलं. फळ्यांखाली अब्बांनी होडीच्या वाकड्या फासळ्या घातल्या होत्या, आणि त्यांचा फुगवटा वर. टेबल मधोमध उंच, दोन्ही बाजूंना उतरतं.

"अब्बा, ह्या काय केलास?"

"पाणी उतराक नको?"

"पडवीत पाणी खंयसून येतला?"

गुलामभाई म्हणजे जन्मभर होडीचा वरचा उतरता तक्ता बसवलेला माणूस. हात आपोआप तसेच गेले. मग ते ओशाळून हसले, आणि सुमय्यालाही हसू आवरेना.

पण खाडीत पाणी चढत होतं. फासळ्या तासून सरळ करायला वेळ नव्हता.

तासायच्या कशाला?

उलट्या करायच्या!

बोल्ट सैल, फळ्या खाली, फासळ्या पालथ्या, फळ्या वर, बोल्ट घट्ट. बापलेक घामाने निथळले. आता टेबल मधोमध किंचित खोलगट झालं. तिने मूठभर बोल्ट त्यावर फेकले. सगळे घरंगळत मध्ये येऊन थांबले, एकही खाली नाही. इंजिन उघडलं की बारीकसारीक भाग हरवतात, ते आता कुठे जाणार? पुढच्या कडेला तिने होडीची मागची जाड फळी बसवली, जिच्यावर इंजिन लटकवतात ती.

गुरुदास आला. त्याने इंजिन खाली ठेवलं. टेबल दोन्ही हातांनी रेटून पाहिलं. मग गडी चक्क वर चढून बसला आणि पाय हलवायला लागला.

"गुरुदासकाका, देवळातली पालखी न्हय ती," सुमय्या म्हणाली.

तो उतरला. खाली वाकून तिरक्या पट्ट्या चाचपल्या. मग इंजिन उचलून त्याने स्वतःच कडेच्या फळीवर अडकवलं, पकडीचे स्क्रू आवळले, आणि एवढंच म्हणाला, "सुरू होताना खोकता. बघ."

तो रिकाम्या हातांनी धक्क्याकडे निघाला. सुमय्याने तो दिसेनासा व्हायचीही वाट पाहिली नाही. इंजिनाचं झाकण निघालंसुद्धा.