भरिताची पार्टी

दोंडाईच्याजवळच्या त्या गावात गिरधर पक्षाचा बूथप्रमुख होता. लोकसभेला त्याच्या गल्लीनं पक्षाला भरभरून मतं दिली, विधानसभेला मात्र पाठ फिरवली. तेव्हापासून तो फितूर शोधत होता. सापडेल त्याला दारात उभं करणार नाही, असं त्यानं पारावर सगळ्यांदेखत सांगितलं होतं.

आज धुळ्याहून भूमिका नावाची मुलगी आली होती. मतदार पक्ष का बदलतात, याचा ती अभ्यास करत होती. गिरधरच्या बायकोला, बेबाबाईला, तिनं नवऱ्यासमोरच विचारलं, "अक्का, दोन्ही वेळा एकाच पक्षाला मत दिलं का?"

"आमच्या घरचं काय विचारते, ताई? बठ्ठं एकच शे, सगळी मतं एकाच पक्षाला!" गिरधर हसला.

बेबाबाईनं हातातली बशी खाली ठेवली. नुसतं 'हो' म्हटलं की सुटका होती.

"नाही," ती म्हणाली. "मी बदललं."

गिरधरचं हसू मावळलं. "का?"

"विधानसभेच्या प्रचारात शेतात भरिताची पार्टी केली ना, तेव्हा. आम्ही बायांनी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या धुरात वांगी भाजली. आपले उमेदवार साहेब जेवायला बसले, तेव्हा गल्लीच्या नळाचं काय झालं, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, 'वहिनी, भरीत एकदम झकास!' सगळे हसले."

"मी नव्हतो हसलो."

"सगळ्यांत मोठ्यानं तुम्हीच."

भूमिकानं तेही लिहून घेतलं. गिरधरनं खालच्या आवाजात विचारलं, "आणि गल्लीतल्या बाकीच्या बाया?"

"त्याही तिथंच वांगी भाजत होत्या."