खडूची फुली आणि चार वाट्या पाणी

मित्रांनो, मी एक जुनं जाळीचं कपाट आहे, आणि आधीच कबूल करतो, मी पक्का भित्रा आहे. कपाटाला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि आमची तर लाकडाची जात.

तसा माझा जन्मही भीतीतूनच झाला. आधी मी एका घराचं दार होतो. ते घर पाडलं आणि माझी फळकुटं जळणाच्या ढिगावर येऊन पडली. कधी कोण काडी लावेल याचा नेम नव्हता. तेवढ्यात एक सुतार आला. त्याच्या लेकीचं लग्न ठरलं होतं, आणि तिला द्यायला त्याला स्वतःच्या हातची एक वस्तू हवी होती. त्यानं मला खांद्यावर टाकून घरी नेलं.

लेक म्हणाली, "बाबा, जुन्या दाराचं कपाट करताय?"

"अगं, जुनं लाकूड गुणी असतं. जेवढं वाकायचं तेवढं वाकून झालेलं असतं त्याचं. ते पुढे दगा देत नाही."

चौथ्या पायापाशी माझं लाकूड संपलं. मग त्यानं मोडक्या बाकाचा एक फिका तुकडा बसवला. लेक हसत सुटली. "बाबा, याचा एक पाय गोरा आहे!" तर सुतार म्हणाला, "असू दे. जावयाला सांग, कपाट पाय बघायला दिलेलं नाही."

अशा थाटात मी या घरात आलो. सुताराची लेक म्हणजे आमच्या बाई, आणि जावई म्हणजे आमचे मास्तर. ते शाळेत भूगोल शिकवतात.

स्वयंपाकघरातले ते दिवस आठवले की अजून ऊर भरून येतो. मला तीन बाजूंनी बारीक जाळी आहे. वारा आत येतो, माशी बाहेर राहते, आणि मांजर तर नुसतंच नाक घासून परत जातं. बाई माझ्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, म्हणजे मुंग्या वर चढत नसत. दूध, पाव, उरलेली भाजी, सगळं माझ्या पोटात. उन्हाळ्यात त्या माझ्यावर ओलं फडकं टाकायच्या आणि आतलं दूध संध्याकाळपर्यंत टिकायचं. वायर नाही, बटण नाही, खर्च काय तो वाटीभर पाण्याचा. पाहुणे म्हणायचे, "काय छान कपाट आहे हो!" मी जरा फुगायचो. पण वाट्यांतलं पाणी आटायला लागलं की माझं सगळं लक्ष खाली पायांकडे लागायचं. मुंग्यांना काय, त्या वाटच बघत असतात.

पुढे फ्रिज आला. पांढराशुभ्र, दिवसभर गुरगुरणारा. माझी रवानगी गॅलरीत झाली. दुधाच्या जागी रंगाचे डबे आणि फाटके बूट आले. वाट्या गेल्या, त्यातल्या एकीत साबण राहू लागला. फरशी पुसल्याचं पाणी माझ्या पायांशी साचायचं. माझा गोरा पाय हळूहळू मऊ पडायला लागला आणि मला वाळवीची धास्ती बसली. रोज वाटायचं, आली, आज नक्की आली. वाळवी काही आली नाही. तिच्याहून वाईट आलं.

आमच्या वसाहतीनं एक स्पर्धा काढली. सगळ्यांत हिरवं घर कोणाचं? रविवारी समिती घरोघर येऊन बघणार होती. झालं! मास्तरांच्या अंगात आलं. "वर्गात मी जंगलांवर घसा कोरडा करतो, आपला नंबर पहिलाच यायला हवा," असं ते उठता बसता म्हणू लागले.

खोटं कशाला बोलू, काही गोष्टी त्यांनी चांगल्या केल्या. ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे डबे वेगळे केले. भाज्या धुतलेलं पाणी बादलीत धरून झाडांना घालायला लागले. पण मग त्यांना जुन्याची लाज वाटू लागली. बाई जुन्या चादरीच्या पिशव्या शिवणार होत्या, तर मास्तरांनी पानाचं चित्र छापलेल्या डझनभर नव्या पिशव्या आणल्या. लोणच्याच्या धडधाकट बरण्या फेकल्या, कारण त्या एकसारख्या दिसत नव्हत्या, आणि एकसारख्या नव्या विकत घेतल्या. आता याला काय म्हणावं? शेवटी त्यांनी बांबूची एक नवी मांडणी मागवली आणि घरात जागा करायला घेतली.

मास्तरांच्या खिशात खडू कायम असतो. बुधवारी ते घरभर फिरले आणि जे जायचं त्यावर फुली मारत गेले, चुकलेल्या गणितावर मारावी तशी. स्टुलावर फुली, टेबलावर फुली. मग ते गॅलरीत आले. मी श्वास रोखून उभा होतो. करकर आवाज झाला आणि माझ्या दारावर फुली पडली.

बाई तिथेच कपडे वाळत घालत होत्या. "अहो, हेसुद्धा?"

"अगं, पाय कुजलाय त्याचा. समितीतले लोक काय म्हणतील?"

 बाईंनी उरलेले कपडे दोरीवर घातले आणि आत निघून गेल्या. मित्रांनो, फुलीपेक्षा मला त्या गप्प राहण्याची जास्त भीती वाटली.

गुरुवारी स्टूल गेलं. शुक्रवारी टेबल गेलं. दोन्ही दिवशी खालून कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. एकेका घावाबरोबर माझ्या फळ्या चरकत होत्या. शनिवारी बांबूची मांडणी आली. तिच्याभोवती थर्माकोल, प्लॅस्टिक, पुठ्ठे, वर लाकडी पट्ट्यांची चौकट. सगळा पसारा मास्तरांनी जिन्याच्या वळणावर लोटला आणि शेजारी मला उभं केलं. जळणासाठी जुनं लाकूड नेणारा हातगाडीवाला बघून गेला. त्यानं माझ्या पाठीवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाला, "सुकं आहे. भट्टीत मस्त पेटेल. उद्या नेतो." मला तर घामच फुटला असता, पण कपाटाला ती सोय नाही.

रविवारी गाडीआधी समिती आली. समिती म्हणजे एक निवृत्त नर्सबाई आणि त्यांची वही. त्यांचे गुडघे दुखत होते. वळणावर त्या थांबल्या, माझ्यावर हात टेकला आणि दम खाल्ला. मग त्यांचं लक्ष फुलीकडे गेलं.

"हे कोणाचं हो?"

मास्तर वर दारात उभे होते. त्यांनी मला पाहिलं, पसारा पाहिला आणि म्हणाले, "ठाऊक नाही बुवा. टाकलं असेल शेजाऱ्यांपैकी कुणीतरी."

इतकी वर्षं त्यांचं दूध मी सांभाळलं होतं. मला वाटलं, आता भट्टी आली तरी चालेल.

मास्तरांच्या मागे बाई नर्सबाईंसाठी पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या.  "आमचं आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांच्या हातचं आहे. आणि तो थर्माकोलचा ढीगही आमचाच."

 तेवढ्यात खालून हातगाडीची घंटा वाजली. बाई पेला ठेवून दोन दोन पायऱ्या उतरत खाली आल्या आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं. "अहो, बघताय काय? दुसरी बाजू धरा!"

मास्तर उभेच होते. हातगाडीवाला वर आला आणि म्हणाला, "मास्तर, कालच ठरलं होतं ना?" मास्तरांची मान खाली गेली. इतक्या पोरांच्या चुका काढणारा तो माणूस हळूच म्हणाला, "चुकलं माझं." मग त्यांनी खाली येऊन माझी गोऱ्या पायाची बाजू उचलली.

बक्षीस दुसऱ्याच घराला मिळालं. मिळायलाच हवं होतं.

आता मी पुन्हा स्वयंपाकघरात आहे, खिडकीशेजारी वाऱ्यावर, चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या घेऊन. खालच्या फळीवर कांदे, वर फळं आणि पाव. फ्रिज निम्मा रिकामा असतो. बाईंनी वडिलांची हत्यारांची पिशवी उघडली आणि मांडणीबरोबर आलेल्या लाकडी चौकटीची पट्टी कापून मला स्वतः नवा पाय बसवला. तो आधीपेक्षाही गोरा आहे. बांबूच्या मांडणीवर मास्तरांची पुस्तकं असतात, त्या बिचारीचा काय दोष?

पण भीती गेलेली नाही. फुली पुसली तरी खडू माझ्या रेषांत शिरून बसलाय. रविवारी रस्त्यावर घंटा वाजली की माझ्या पायांखालच्या वाट्यांतलं पाणी हलतं. घरातल्यांना वाटतं, एखादा ट्रक गेला असेल.

मित्रांनो, घर हिरवं करायचं असेल तर दुकानात जायच्या आधी घरातलीच दारं उघडून बघा. काय दुरुस्त होतं, काय दुसऱ्या कामाला येतं, ते हात लावून बघा. आणि कधी जिन्यात कुणी विचारलं, हे कोणाचं, तर आमचं म्हणा. तो एक शब्द वेळेवर आला, म्हणून मी आज तुमच्याशी बोलतोय. आमच्या स्टुलासाठी आणि टेबलासाठी तो कुणी म्हटलाच नाही.