शुद्ध घास

पट्टी लाल झाली आणि साहिलने आमटीचं पातेलं उचलून मोरीत भिरकावलं. नुकतंच गॅसवरून उतरलेलं. अर्धी आमटी मोरीत गेली, अर्धी त्याच्या बायकोच्या, उज्वलाच्या पायावर. ती किंचाळली, तर त्याने तिचा अंबाडा धरून डोकं भिंतीवर आपटलं.

"ॲसिड हाय त्यात! बघ ना, डोळे फुटले काय तुझे?"

आता चवीपुरतं कोकम घातलेल्या मुगाच्या आमटीत बुडवल्यावर ती कागदाची पट्टी लाल होणार नाही तर काय हिरवी होणार? आंबट म्हणजे ॲसिड, हे काय साहिलला कुणी सांगायला हवं होतं? केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये दिवसभर नमुने तपासण्याचंच तर काम होतं त्याचं, आणि त्या पट्ट्याही तिथूनच खिशात घालून आणलेल्या. पण दोन वर्षांपूर्वी त्याच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस कावीळ होऊन गेला. कशाने झाली ते कुणाला धड कळलं नाही. साहिलने मात्र स्वतःपुरतं ठरवून टाकलं, खाण्यातूनच झाली. तेव्हापासून त्याचं शिकलेलं सगळं पाण्यात गेलं.

आधी बाजारचं तेल बंद झालं, मग साखर. इथपर्यंत उज्वलालाही बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोला. मग दूध गेलं, गहू गेला, तांदूळ गेला, मीठसुद्धा गेलं. बिरवाडीच्या त्या भाड्याच्या खोलीत शेवटी उरली उकडलेली नाचणी, मूग आणि गावाहून आलेला भोपळा. साहिलची गालफडं बसली, पँट कमरेवर राहीना. मोबाईलवर कोणी ना कोणी रोज नवं विष शोधून सांगायचं आणि हा ते मान डोलावत ऐकायचा.

एकटा स्वतः उपाशी मेला असता तर उज्वलाने हात जोडून त्याला वाट मोकळी करून दिली असती. पण सहा वर्षांच्या अक्षदालाही तोच शिधा. पोरीच्या केसांचे पुंजके उशीवर सापडायला लागले. शाळेत प्रार्थनेला उभी असताना दोनदा कोसळली. उज्वला तिला चोरून शेजारणीकडे भात-वरण भरवायची, तर साहिल ड्यूटीवरून आल्या आल्या पोरीला जवळ घेऊन तिचं तोंड हुंगायचा. वास आला की मार सुरू. पोरीला त्याने कधी बोट लावलं नाही. पोरीने गिळलं की मार आईला, असा त्या घरचा कायदा होता.

सासूला फोन केला, तर रखमा म्हणाली, "दारू सोडलीन, तंबाखू सोडलीन, मटणाला शिवत नाय. देवमाणूस झाला गो माझा पोर, आणि तू रडतेस काय?"

गावी, कुडपणला तर त्याला 'महाराज' म्हणायला लागले होते. पोरगा वाळत चालला होता आणि त्यांना त्याच्या तोंडावर तेज दिसत होतं! उज्वलाच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. पण बायकोला मारणारा महाराज असू शकतो, यात गावाला काही वावगं वाटलं नाही.

भाताची लावणी उरकली आणि राखणीसाठी सगळे कुडपणला गेले. शेताच्या राखणदार देवाला कोंबडा द्यायचा, तो तिथेच बांधावर शिजवायचा, आणि घरच्या प्रत्येकाने तिथेच खायचा. घरी काही न्यायचं नाही, खाल्ल्याशिवाय कुणी उठायचं नाही. कोंबड्याची कलेजी घरातल्या धाकट्या लेकराला आजोबाने आपल्या हाताने भरवायची, ही साहिलच्या बापाच्या, महिपतच्या घरची रीत. साहिललाही लहानपणी अशीच भरवलेली. 'महाराजांना' मात्र यंदा नारळ फोडायचा मान दिला आणि खाण्यातून सूट दिली. तो बांधाच्या टोकाला नाक दाबून बसला.

महिपतने कलेजीचा तुकडा फुंकून गार केला. "ये गो माझे बाय. राखणदाराचा घास हाय, मोठी होशील."

अक्षदाने आधी बापाकडे पाहिलं, मग आजोबाकडे. भुकेने तिचा जीव कासावीस झाला होता. तिने आ केला.

साहिल कसा आला ते कुणालाच कळलं नाही. त्याने पोरीला मागून धरलं, जबडा दाबला आणि दोन बोटं तिच्या घशापर्यंत घातली. "सगळं विष लिव्हरमध्ये साठतंय! थुंक! थुंक आधी!" पोर गुदमरली, पाय झाडायला लागली. नखाने ओठ फाटला आणि रक्त हनुवटीवरून फ्रॉकवर आलं. उज्वलाने त्याच्या पाठीवर गुद्दे घातले, दंडाला कडकडून चावली. त्याने कोपराने तिच्या छातीत असा तडाखा दिला की ती चिखलात उताणी पडली.

"सोड तिला! मरंल ती!" महिपत ओरडला. साहिलने ऐकलं नाही. तेव्हा म्हाताऱ्याने गुरं हाकायची काठी उचलली आणि त्याच्या हातावर एक हाणली.

एकच, आणि तीही साठी उलटलेल्या म्हाताऱ्याची. पण सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला आणि साहिलचा हात मनगटाच्या वर वाकडा लोंबायला लागला. पोर सुटली. साहिल आडवा पडून गुरासारखा ओरडत होता आणि महिपत हातातल्या काठीकडे बघत होता.

"मी येवढ्या जोरानं नाय मारलं रे," तो सगळ्यांना सांगत सुटला. "बैलाला मारतो त्यापेक्षा हळू मारलं."

त्याचं कुणाला खोटं वाटलं नाही. रखमाने लेकाचं डोकं मांडीवर घेतलं. सदरा वर सरकला होता आणि बरगड्या एकेक मोजता येत होत्या. त्या दिवशी तिने आपल्या पोराला पहिल्यांदा धड पाहिलं. "अगो, हे काय झालंय ह्याचं?" असं तिने उज्वलाला विचारलं. दोन वर्षं उज्वला घसा फोडून हेच तर सांगत होती.

गावातल्या जीपने पोलादपूर गाठलं, तिथून महाड. हाडाच्या डॉक्टरने फोटो काढला, प्लास्टर घातलं आणि विचारलं, "वय बत्तीस म्हणालात ना? हाडं सत्तरीतल्या माणसाची आहेत. हे खातात काय?" सगळं ऐकून घेतल्यावर त्याने महाडातच डॉक्टर दीक्षा म्हणून मनाच्या आजारांच्या बाई होत्या, त्यांच्याकडे चिठ्ठी दिली.

साहिल जायला तयार नव्हता. महिपतने आणि जीपवाल्याने त्याला दोन्ही बगलांत धरून आणला. दोघे बाहेर थांबले. आत साहिल, उज्वला आणि उज्वलाच्या मांडीवर अक्षदा. पोरीचा सुजलेला ओठ पाहून डॉक्टरबाईंचा चेहरा क्षणभर कठोर झाला. त्यांनी खणातून एक बिस्किट काढून तिच्या हातात दिलं. अक्षदाने ते तोंडात ठेवलं आणि गाल फुगवून गप्प बसली.

"घरी कोणी कोणाला मारतं का?" बाईंनी आधी उज्वलाला विचारलं. पायावरची भाजल्याची खूण तेवढी तिने साडीखाली घेतली. बाईंनी ती पाहिली होती.

मग त्या साहिलकडे वळल्या. चुकीचा घास पोटात गेला तर स्वतःला शिक्षा करता का? लोकांकडे जेवायला जाणं सोडलंत का? दिवसभर डोक्यात खाण्याशिवाय दुसरं काही येतं का? साहिल प्रत्येकाला 'नाय' म्हणत होता.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "चांगलं खावंसं वाटणं हा आजार नाही. पण त्या चांगल्याची भीती बसली, माणूस वाळला, घर मोडायला आलं, तरी थांबता येत नाही, मग तो आजार होतो. ऑर्थोरेक्सिया म्हणतात त्याला. आजारांच्या अधिकृत यादीत त्याला अजून जागा मिळालेली नाही. पण तुमचं हाड मोडलंय, ते यादी बघून मोडलेलं नाही. हा झाला तुमचा आजार. तुम्ही यांना मारता, तो आजार नाही. त्याला दुसरं नाव आहे आणि त्याची दाद दुसरीकडे मागायची असते."

उज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी दोन गोष्टी दोन ठिकाणी ठेवल्या होत्या.

"आजारी मी नाय," साहिल हसला. "आजारी तुम्ही सगळे. हिला विचारा, पोरीला विष कोण भरवतं." त्याने पोरीच्या फुगलेल्या गालाकडे पाहिलं आणि मग बायकोकडे. "हात बरा होऊ दे. मग घरी दाखवतो तुला."

अक्षदाने डोळे गच्च मिटून घेतले. हे वाक्य तिला पाठ होतं आणि त्याच्यानंतर काय होतं तेही.

उज्वला तिला खाली उतरवून उठली आणि तिने साहिलच्या थोबाडीत मारली. सगळा जीव एकवटून मारली. खुर्ची कलंडली, तो प्लास्टरच्या हातावर पडला आणि बोंबलला. बाई "अहो! अहो!" करत टेबलाला वळसा घालून धावल्या. दुसरी मारायला उज्वलाचा हात वर गेला होता.

तेवढ्यात तिचा पदर खालून ओढला गेला. अक्षदा मिटल्या डोळ्यांनी उभी होती. तिने फक्त आवाज ऐकला होता, कुणी कुणाला मारलं ते पाहिलं नव्हतं. तिने घाईघाईने तोंडातलं बिस्किट ओंजळीत थुंकलं, ओठाचं रक्त लागलेलं, भिजून मऊ झालेलं, पण सगळंच्या सगळं, आणि ओंजळ समोर धरली.

"गिळलं नाय, पप्पा," ती म्हणाली. "बघा, सगळं हाय. आईला नका मारू."