एडाची पायरी

एकसष्ट साली आमच्या सॅलफर्डच्या गल्लीत सिनेमावाले आले. लंडनला गाजलेलं नाटक होतं म्हणे, आता त्याचा सिनेमा. गिरणीतल्या माणसांची गरिबी दाखवून लोकांना हसवायचं. आमची गरिबी इतकी विनोदी आहे हे तोवर आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

माझ्या समोरच्या एडा एन्टविसलला त्यात काम मिळालं. दार उघडून पायरीवर यायचं आणि नायिकेला "काय गं, निघालीस?" एवढंच विचारायचं. एडा विधवा, घरात एकटी. सात वर्षांपूर्वी भांडणाच्या भरात ती मुलीला, ब्रेंडाला, म्हणाली होती, "पुन्हा ही पायरी चढू नकोस." पोरीने ते खरं केलं. पत्ता नाही, पत्र नाही.

"विनी, सिनेमा गावोगाव लागतो," एडा मला म्हणाली. "ती असेल तिथे मला बघेल. दारात उभी असलेली बघेल."

पहिल्या दिवशी त्या लोकांनी सगळ्या पायऱ्यांना काजळी फासली आणि बंद दारांची गल्ली टिपून घेतली. एडाचं काम दुसऱ्या दिवशी होतं. आमच्याकडे मळकी पायरी म्हणजे घरातली बाई अंथरुणाला खिळली, नाहीतर गेली. एडाने सकाळी उठून रोजच्यासारखी पायरी घासली, कडेला पायरी घासायच्या दगडाने पिवळी रेघही ओढली.

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. "बाई, कालची पायरी काळी, आजची चकचकीत. जुळवू कसं?"

"कालचं पुसून टाका," एडा म्हणाली. "मळक्या पायरीवर मी उभी राहायची नाही. माझी पोर काय म्हणेल?"

त्यांनी एडाच्या जागी पलीकडच्या मिसेस पिकपला उभं केलं. तिची पायरी मुळातच तशी, पुन्हा काजळी फासायला नको.

सिनेमा लागला तेव्हा मी एडाबरोबर गेले. सुरुवातीलाच पहिल्या दिवशीची गल्ली आली. एडाचं दार बंद, पायरी काळीकुट्ट. पुढे एकेकीची दारं उघडली, एडाचं नाही. लोक पोट धरून हसत होते. एडा म्हणाली, "चल घरी."

तीन आठवड्यांनी माझ्या नावावर पत्र आलं, ब्रेंडाचं. "विनीमावशी, सिनेमा पाहिला. आईच्या कबरीवर माझ्याकडून फुलं ठेव." सोबत दहा शिलिंगांची नोट. पत्ता नव्हता, टपालाचा शिक्का पुसट.

जाळून टाकावं असं वाटलं. पण लेकीचं पत्र आईपासून लपवायला माझं मन धजेना. तिच्या स्वयंपाकघरात बसून मी ते वाचून दाखवलं. मग एडाने कागद हातात घेतला, खिडकीपाशी नेला आणि परत माझ्यापुढे धरला.

"मला दिसत नाही गं धड. शाई पसरलीय का कुठे? थेंबबिंब पडलाय?"

कागद ठणठणीत कोरडा, शाई कुठेच पसरली नव्हती.

"पडलाय," मी म्हणाले. "दोन ठिकाणी."