न दुखणारे दात

मित्रांनो, मी एक जुनी दंतपंक्ती आहे. कवळी नव्हे बरं का! कवळी काढून वाटीत ठेवता येते. मला मात्र खालच्या जबड्याच्या हाडात रोवलेल्या सहा इम्प्लांटवर स्क्रूंनी पक्के बसवले होते.

ते तोंड एका म्हाताऱ्या शिंप्याचे होते. लेकीनेच हट्ट धरला होता, "बाबा, अजून किती दिवस सगळं भिजवून खाणार?" मी आले आणि त्यांनी सफरचंद कचकन चावले. त्यांची बायको म्हणाली, "बिनदातांचे असताना माझं डोकं खात होता, आता माझं काही खरं नाही!" त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, "तुम्हाला मधुमेह आहे, त्यात सिगारेट. हिरड्या लवकर बिघडतील. पंक्तीखाली रोज बारीक ब्रश फिरवा, तपासणी चुकवू नका. आणि दातांनी दोरा तोडू नका!"

सिगारेट कमी झाली, दोरा काही सुटला नाही. माझ्या पुढच्या दाताचा टवका उडाला, तेव्हा लेक रागावली, "घरात कात्र्या काय शोभेला आहेत?"

"कात्री सापडेपर्यंत माझं काज करून होतं," बाबा म्हणाले.

टवका सगळ्यांना दिसला. खरे दुखणे माझ्या खाली होते. खऱ्या दातावर जास्त जोर पडला की तो लगेच कळवतो. मला ती जाणीवच नाही. हिरडीतून रक्त येऊ लागले. बाबा चूळ भरत, बेसिन स्वच्छ धुऊन काढत आणि हसत बाहेर येत.

"दुखतंय का, बाबा?"

"छे गं! दगड फोडीन."

एके दिवशी मी हलू लागले. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहिला. "हाड बरंच झिजलंय. रक्त कधीपासून येतंय?"

बाबांनी लेकीकडे पाहिले. "बरेच महिने झाले. तू एवढ्या हौसेनं दात बसवून दिलेस. तुझा हिरमोड झाला असता."

लेकीने रुमालाने त्यांच्या ओठाचा कोपरा पुसला.

तीन इम्प्लांट गेले, मलाही काढावे लागले. जखम भरली की नवी पंक्ती बसवायचे ठरले. पण त्याआधीच बाबांचे हृदय थांबले. आता मी खिडकीतल्या एका डबीत असते.

मित्रांनो, दातांची काळजी तर घ्याच. पण घरातल्या मोठ्या माणसांना नुसते विचारून थांबू नका. ती तुमच्यासाठी खोटे बोलतात.

आज सकाळी लेकीने आईला उजेडात खुर्चीवर बसवले आणि हातात बॅटरी घेतली.

"अगं, मला काही झालेलं नाही," आई म्हणाली.

"आई, आधी आ कर."