आठ मिनिटं

नेलिदा गेली हे माझ्याआधी फाउस्तोला कळलं. मी क्लिनिकच्या जनरेटरसाठी डिझेल आणायला कातामायोला गेलो होतो. परतलो तेव्हा तो फाटकातच उभा होता. म्हणाला, "मिस्त्री, नेली गेली. माझ्यासमोर कोसळली हो." चौदा वर्षं ती माझी बायको होती. नेली हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

ती दोघं क्लिनिकचं नेटवर्क सांभाळायची. मी तिथला वायरमन. सगळे संगणक ज्या पेटीला जोडलेले आहेत तो मुख्य स्विच बंद करून चालू करायचा असला की मी हजर लागतो, असा नियम आहे. ती असताना मी खाली जनरेटरपाशी थांबायचो. ती दोघं वर.

महिन्याभराने, रविवारी सकाळी, फाउस्तो स्विचची प्रणाली बदलायला बसला. या वेळी मी वर गेलो. त्याने पानात गुंडाळून उकडलेले मक्याचे तामाल पुढे केले.

"घ्या. आधी नेली आणायची, आता मी आणतो."

अशा रविवारी घरी आल्यावर ती भूक नाही म्हणायची.

नवीन फाइल चढली. त्याने हुकूम दिला आणि स्विचवरचे दिवे विझले.

"आता आठ मिनिटं," तो म्हणाला. "बसा ना, नेली बसायची तिथे."

"मी उभा बरा."

"फार घाबरायची ती. दिवे परत येईपर्यंत माझं मनगट घट्ट धरून बसायची. तुम्हाला बोलली असेलच."

"बोललीये."

बोलली नव्हती. घरी ती कशालाच घाबरायची नाही. भूकंप झाला तेव्हा चुलीवरचं पातेलं उतरवून मग बाहेर आली होती.

दिवे आले. फाउस्तोने पडद्यावरचा आवृत्तीचा आकडा वाचला आणि कपाळावर हात मारला.

"जुनीच चालू झाली! सुरू होताना कुठली फाइल घ्यायची, ती ओळ बदलायचीच राहिली. गाढव आहे मी! ती ओळ नेहमी नेली लिहायची."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

"पुन्हा करू, मिस्त्री. एक ओळ, आठ मिनिटं. जुन्या प्रणालीत भोक सापडलंय, कुणीही आत घुसेल. पेशंटची सगळी माहिती आहे यात."

"नेटवर्क बंद ठेवायला दहापर्यंतच परवानगी आहे."

"अहो, आत्ता कुठे नऊ वाजतायत."

"आज नाही," मी म्हणालो आणि जिना उतरलो.

त्यानंतर पाच रविवार गेले. दर शनिवारी तो विचारतो, मी काहीतरी कारण सांगतो. नवीन फाइल स्विचमध्ये पडून आहे. एक ओळ लिहून तो एकदा बंद-चालू करायचा राहिला आहे.